कॉलरखालचे तीन टाके

टाचणीबाईंचं खरं नाव चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सुखरूप होतं. बाहेर त्याची गरज कोणाला पडत नसे. कपडे दुरुस्त करून देण्याचं त्यांचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याला दारात उभं राहावं लागेल, एवढंच. ओठांत सदा तीन-चार टाचण्या धरलेल्या आणि बोलणं त्यांच्या फटीतून. अर्धं बोलणं लोकांना कळत नसे, आणि जे कळे ते झोंबे. "शिवणीत आता कापड उरलं नाही. पुढच्या वेळी कंबरेलाच काय ते सांगा," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. गिऱ्हाईक तरीही परत येई, कारण त्यांच्या हाताला गावात तोड नव्हती.

चर्चच्या मागे एक लांबट खोली होती. मंगळवारी लोक तिथे वापरलेले कपडे आणून देत आणि गुरुवारी ज्यांना हवे ते येऊन घेऊन जात. मधल्या बुधवारी टाचणीबाई दुकान बंद ठेवत आणि त्या खोलीत बसून आलेला ढीग नीट करत. कुठे काज फाटलेलं, कुठे अस्तर सुटलेलं. वीस वर्षांत त्यांनी एकही बुधवार चुकवला नव्हता. हे त्या स्वतः कधी सांगत नसत. पण दुसऱ्या कोणी सांगितलं नाही तर त्यांना चैन पडत नसे.

बुधवारचा तो ढीग म्हणजे माणसं ओळखायची जागा. कोट द्यायचा पण त्याची पितळी बटणं आधी कापून ठेवायची, अशी एक मोठी जमात त्या चर्चमध्ये होती, आणि ती पहिल्या बाकांवर बसत होती. टाचणीबाई आपल्या डब्यातली बटणं लावत आणि बडबडत, "कोट देवाला, बटणं कपाटाला." खोली सांभाळणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका हसून म्हणत, "अहो, दिलं ना त्यांनी, तेवढंच बघा."

"बघतेच आहे. म्हणून तर बोलते."

खोलीचा नियम एकच होता. ज्याने कपडे दिले त्याने गुरुवारी तिकडे फिरकायचं नाही. फार पूर्वी एका किराणा दुकानदाराने भर बाजारात एका माणसाला थांबवून, त्याच्या छातीवर थाप मारून विचारलं होतं, "काय, शोभतोय ना आमचा शर्ट?" तो माणूस पुन्हा ना खोलीत दिसला ना चर्चमध्ये. तेव्हापासून फादरांनी नियम घातला. टाचणीबाईंनी तो अक्षरशः पाळला. गुरुवारी त्या गल्लीतूनसुद्धा गेल्या नाहीत.

आता त्यांची लबाडी सांगायला हवी. दर महिन्याला त्या पदरचं कापड घालून एक कपडा नवा शिवत, कधी कोट, कधी झगा, आणि गुपचूप त्या ढिगात सरकवत. कोणाला पत्ता लागू देत नसत. फक्त कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेच्या मणक्यापाशी, लाल दोऱ्याचे तीन बारीक टाके घालत. लहानपणी त्यांची आई दोघी बहिणींच्या शाळेच्या कपड्यांना तसेच टाके घालायची, कपडे हरवू नयेत म्हणून. टाचणीबाई ते कशासाठी घालत, हे स्वतःला विचारायचं धाडसही त्यांनी केलं नव्हतं.

रविवारी त्या अगदी शेवटच्या बाकावर बसत. लोकांना वाटे, काय ही नम्रता. पण प्रार्थनेच्या वेळी सगळे माना खाली घालतात तेव्हा पाठीमागे कॉलरी उचलल्या जातात, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. सगळं चर्च मान खाली घाली तेव्हा टाचणीबाई मान वर करत. एखाद्या कॉलरीखाली लाल ठिपका दिसला की त्यांच्या पोटात ऊब येई. ती ऊब आठवडाभर पुरे. यात कोणाचं काय बिघडलं, असं त्या म्हणत, आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणत, हे त्यांच्याही लक्षात येई.

अशाच एका रविवारी त्यांना एका राखाडी लोकरीच्या कोटाच्या कॉलरखाली लाल टाके दिसले. तो कोट दोन वर्षांपूर्वीचा होता आणि कॉलर अजून ताठ होती. त्या मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होत्या, तोच कोट घातलेल्या बाईने मान वळवली. ती त्यांची धाकटी बहीण होती; एरवी ती पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला येई.

दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भेटायला आलेल्यांसाठी धाकटी आत चहा करत असताना, टाचणीबाईंनी हातगाडी आणून आईचं शिवणयंत्र आपल्या दुकानात नेलं होतं. दोघीही शिवायच्या, दोघीही चांगलं शिवायच्या. "माझं दुकान आहे, तिला नवरा आहे," असा हिशोब टाचणीबाईंनी तेव्हा मांडला होता. नवऱ्याचं छापखान्यातलं काम तीन वर्षांपूर्वी सुटलं, मग त्याची छाती बिघडली, आणि धाकटी इस्पितळाच्या धुलाईखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावू लागली. हे सगळं टाचणीबाईंना दुसऱ्यांकडून कळत होतं. त्या खोलीतून ती कपडे नेते, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. नियमच तसा होता.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्याच हातचं अंगावर घालून बसलीये, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या आनंदाचा त्यांना स्वतःलाच इतका किळसवाणा वास आला की पुढची सगळी मिस्सा त्या बाकाच्या कडेला नख घासत बसल्या.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. टाचणी ओठात धरून टाचणी शोधायच्या. एका म्हाताऱ्याच्या पॅंटचा एकच पाय दोनदा आखूड केला आणि वर त्यालाच विचारलं, "तुमचे पाय सारखे आहेत ना?" दिवसातून दहा वेळा त्या दाराशी जाऊन रस्ता बघून येत. एकीकडे वाटे, धाकटीने टाके पाहिलेच नसतील, पाहिले असते तर तिने कोट जाळला असता. एकीकडे वाटे, तिने पाहावेत. पाहावेत, ओळखावेत आणि येऊन काहीतरी बोलावं. काय बोलावं, इथवर त्या पोचत आणि मागे फिरत.

फादरांच्या झग्याचं बटण तुटलं होतं. ते लावायच्या निमित्ताने त्या त्यांच्या खोलीत गेल्या. झगा काढू न देता, ते उभे असतानाच बटण लावायला घेतलं, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय त्यांना हलता येणार नाही.

"फादर, एखाद्याने दिलं, आणि दिलेलं कुठे गेलं ते बघायची त्याला हौस असली, तर त्याचं देणं फुकट जातं का?"

"कोट घेणाऱ्याला थंडी कमी वाजते ना?"

"हो, कमी वाजते."

"मग फुकट कसं जाईल? हेतू स्वच्छ होईपर्यंत लोक थांबून राहिले तर आपल्या खोलीत एक हातरुमालसुद्धा येणार नाही." ते जरा थांबले, कारण सुई अगदी छातीपाशी होती. "एवढंच बघत जा, की समोरच्याला काही द्यायचंय की त्याच्याकडून काही घ्यायचंय. दोन्हीला हात पुढेच करावा लागतो, त्यामुळे करणाऱ्याचा गोंधळ होतो."

"मी माझ्याबद्दल विचारत नव्हते," टाचणीबाई म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

"मीही तुमच्याबद्दल सांगत नव्हतो," फादर म्हणाले.

एवढं ऐकून शहाणं माणूस घरी गेलं असतं आणि गप्प बसलं असतं. टाचणीबाई दुकानात आल्या आणि त्यांनी कपाटाच्या तळातून गर्द निळ्या लोकरीचा तागा काढला. हे कापड त्यांनी स्वतःसाठी सहा वर्षं जपून ठेवलं होतं. दुपारच्या जेवणाच्या वेळी दार अर्धं लोटून त्या कापायला बसत. माप घ्यायची गरज नव्हती. धाकटीची छाती, पाठ, हाताची लांबी त्यांच्या बोटांना पाठ होती. आणि तिचा डावा खांदा. सात वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून पडली, गळ्याचं हाड मोडलं आणि सांधताना अर्धा इंच खाली सांधलं. झोका मोठ्या बहिणीनेच दिला होता. तेव्हापासून कुठलाही तयार कपडा धाकटीच्या डाव्या बाजूला पडलेला दिसायचा, आणि लहानपणी आई तिच्या प्रत्येक कपड्याला त्या बाजूला आतून कापसाची गादी घालून द्यायची.

टाचणीबाईंनी गादी घातली. एकावर एक चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा आखूड, कडा विरत गेलेल्या. डावा मुंढा, म्हणजे बाहीचा घेर, पाव इंच खाली घेतला. असं काम वर्षानुवर्षांत जमलं नव्हतं. मनात त्या धाकटीशी बोलत होत्या, आणि बोलताना धाकटी कधी रडत होती, कधी पाया पडत होती, तर कधी नुसती दारात उभी राहून "ताई" म्हणत होती. यातलं नेमकं कोणतं हवंय, ते त्यांना ठरवता येईना. अस्तर लावून झालं तेव्हा त्यांनी कॉलरखाली लाल टाके घातले, नेहमीपेक्षा जरा मोठे.

बुधवारी तो कोट त्यांनी ढिगात सरकवला. मुख्याध्यापिकांना जाता जाता म्हणाल्या, "हा निळा चांगला आहे. मध्यम अंगाच्या बाईला द्या. जरा उंच असेल अशा."

"डोळ्यांचा रंग पण सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

गुरुवारचा दिवस संपता संपेना. दुकानात तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनाही त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. शुक्रवारी दुपारी दार ढकलून धाकटी आत आली. अंगावर जुनाच राखाडी कोट होता. हातातला निळा कोट तिने नीट घडी घालून आणला होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या आईच्या यंत्राकडे एकदाही न बघता म्हणाली, "दुरुस्ती आहे."

टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या. चार टाचण्यांना बराच वेळ लागला.

"काय करायचंय?"

"डाव्या खांद्यातली गादी काढायची. मुंढाही वर घ्यायचा. दोन्ही खांदे सारखे करायचे."

"मग तुला तो बसणार कसा?"

"मला नाही बसायचा. परत खोलीत देणार आहे. दुसरीच्या अंगाला बसायला नको का?"

टाचणीबाई टेप गुंडाळू लागल्या. "थंडी वाढलीये, म्हणून म्हटलं कोणाच्या तरी..."

"ताई, तू खोटं बोलायला लागलीस की टेप गुंडाळतेस. लहानपणापासून."

टेप हातातून खाली पडली. कोणीच उचलली नाही.

"काल मी हा घातला," धाकटी म्हणाली. "खोलीत सहा जणी होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जणू तुमच्या मापानेच शिवलाय. सगळ्यांनी वळून बघितलं. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, ताई. म्हणून तर मला तिथे जाता येतं."

हे टाचणीबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षं त्या खोलीत काम करून आलं नव्हतं. दान म्हणून आलेला कोट कधी कोणाच्या मोडलेल्या हाडाच्या मापाचा नसतो, हे दुसऱ्या कोणी विसरलं असतं तर त्यांनी त्याला सोलून काढलं असतं. आपला हात किती चांगला आहे हे दाखवायच्या नादात त्यांनी त्या कोटावर पत्ताच लिहून पाठवला होता.

"मी तुझ्यासाठी शिवला," त्या म्हणाल्या.

"ते कळलं."

"तुला कळावं म्हणूनच शिवला. तू यावंस, काहीतरी बोलावंस. यंत्राचं... जाऊ दे म्हणावंस." त्यांनी निळ्या कोटावरून हात फिरवला. "म्हणजे कोट देऊन तेवढं घ्यायचं होतं."

धाकटी स्टुलावर बसली. न विचारता बसली, हे टाचणीबाईंनी पाहिलं.

"तीन वर्षं मी त्या खोलीतून कपडे नेते," ती म्हणाली. "दांडीवरचा प्रत्येक कपडा मी आधी उलटा करते. कॉलरखाली बघते. लाल टाके असले तर घेते, नसले तर नाही घेत. पहिला हिवाळा उन्हाळी कोटावर काढला, पण दुसरा नाही घेतला."

"तुला माहीत होतं?"

"आईचे टाके मला माहीत नसतील?"

"मग माझ्यावर एवढा राग, तरी ते घेतलेस, आणि हाच का नको?"

रस्त्यावर कोणीतरी लोखंडी दार ओढून बंद करत होतं. ते मध्येच अडकलं, पुन्हा ओढलं.

"तेव्हा तू मला देत नव्हतीस," ती म्हणाली. "कोणालाही देत होतीस. त्यातलं मला घेता येत होतं. तेव्हा मला वाटायचं, ताई चांगली आहे. हा घातला आणि वाटलं, ताई दारात उभी आहे, वाट बघत."

टाचणीबाईंनी कोट पुढे ओढला. उसवणी घेतली आणि डाव्या बाहीची शिवण उसवायला लागल्या. स्वतःच्याच हातचे इतके दाट टाके, एकेक कापताना बोटं दुखत होती. गादी निघाली, चार थर, कडा विरत गेलेल्या. ती त्यांनी टेबलावर ठेवली. धाकटीने ती हातात घेऊन दाबून पाहिली, जसं आई पाहायची, आणि खाली ठेवली.

"यंत्र घेऊन जा," हे टाचणीबाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथेच थोपवलं. आत्ता ते दिलं तर तेही कशाच्या तरी बदल्यातच जाईल, एवढं त्यांना त्या दुपारी कळलं होतं. मग काय उरतं, ते शोधायला त्यांना अर्धी बाही लागली.

"त्या दिवशी हातगाडी आणली ते चुकलं माझं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू आत चहा करत होतीस. ते चुकलं."

"हं," धाकटी म्हणाली.

एवढंच. टाचणीबाई वाट बघत राहिल्या नाहीत. म्हणजे बघत होत्या, पण हात चालू ठेवला. मुंढा वर घेतला, बाही परत बसवली, आईच्या यंत्रावर टीप मारली. ते यंत्र टीप घालताना आठ-दहा टाक्यांनी एकदा अडखळायचं, तसं अडखळलं, आणि दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं. काम झालं तेव्हा त्यांनी कॉलर उलटी केली आणि उसवणीचं टोक लाल टाक्यांखाली घातलं.

धाकटीने त्यावर बोट ठेवलं. "ते असू देत."

मग तिने विचारलं, "किती झाले?"

पैसे घेऊ नयेत असं टाचणीबाईंना इतकं वाटलं की त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले. पण धाकटी तिथेच उभी होती, जुन्या कोटाच्या खिशातून पाकीट काढून. त्यांनी नेहमीचा दर सांगितला. एक पैसा कमी नाही. ती मोजून देत असताना त्यांनी हात पुढे केला आणि घेतले. इतकं जड त्यांना कधी काही घ्यावं लागलं नव्हतं.

निळा कोट खोलीत परत गेला आणि कोणाच्या अंगावर गेला, ते टाचणीबाईंना कळलं नाही. कळून घ्यायचं नाही म्हणून त्यांनी काय केलं, तर पुढचा गुरुवार उलटल्यावरच्या रविवारी शेवटचा बाक सोडून सगळ्यांत पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. बटणं कापणाऱ्या मंडळींमध्ये थोडी सरकासरकी झाली. तिथे पुढे फक्त वेदी आणि मेणबत्त्या, एकही कॉलर नाही. सगळ्या कॉलरी पाठीमागे. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्याचा तो कापडाचा आवाज आला आणि टाचणीबाईंच्या मानेला अशी खाज सुटली की विचारू नका. निळा रंग मागे कुठेतरी आहे, तिसऱ्या बाकावर असेल, दाराशी असेल. त्यांनी बाकाची कड धरली, पुढच्या मेणबत्तीकडे बघितलं, तिच्या ज्योतीवरही लक्ष टिकेना, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मिस्सेत इतक्या खाली त्यांनी ती कित्येक वर्षांत घातली नव्हती.

तेवढ्यात मानेला थंड बोटं लागली. मागच्या बाकावरून कोणीतरी त्यांची कॉलर उचलली, उलटी केली, आत बघितलं आणि पुन्हा नीट बसवली. तिथे काहीच नव्हतं. स्वतःच्या कपड्यांना टाचणीबाईंनी कधी खूण घातली नव्हती.

"दोरा लोंबत होता, ताई," मागून धाकटी हळूच म्हणाली.

टाचणीबाईंच्या हातच्या कपड्याला दोरा लोंबलेला आजवर कोणी पाहिला नव्हता, आणि हे त्या दोघींइतकं चर्चमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. टाचणीबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

"काढ मग," त्या म्हणाल्या.